लाईफरे पोर्टलला एडीचं लॉगिन जोडताना: आधी सर्व्हरवरून, मग स्क्रीनवरून

"पोर्टलला एडी जोडून द्या" असं एका ओळीचं तिकीट येतं (पोर्टल म्हणजे लाईफरे या सॉफ्टवेअरवर चालणारी ऑफिसची वेबसाइट, एडी म्हणजे ऑफिसमधल्या सगळ्यांची अकाउंट आणि पासवर्ड ठेवणारी ॲक्टिव्ह डिरेक्टरी) आणि वाटतं की सहा-सात रकाने भरले की झालं काम. रकाने खरंच तेवढेच आहेत, पण प्रत्येक रकाना वेगळ्याच कारणाने चुकतो आणि स्क्रीनवर मात्र दरवेळी तेच दिसतं, कनेक्ट झालं नाही नाहीतर ऑथेंटिकेशन फेल. म्हणून मी आता हे काम उलट्या बाजूने करतो. पोर्टलची स्क्रीन सगळ्यात शेवटी उघडायची, त्याआधी पोर्टल ज्या मशीनवर चालतं त्याच मशीनवर जाऊन कमांड लाईनवरून एकेक गोष्ट पक्की करत यायची. नवीन माणसाला पण मी हेच सांगतो, कारण स्क्रीनवर बदल करून सेव्ह करून परत टेस्टचं बटण दाबत बसलं की दुपार कधी गेली कळत नाही.

मी इथे लाईफरे ७.४ आणि मायक्रोसॉफ्टची ॲक्टिव्ह डिरेक्टरी धरून लिहितोय, पोर्टल लिनक्सवर, टॉमकॅट या जावाच्या वेब सर्व्हरसकट. डिरेक्टरी ओपनएलडॅप असली तरी क्रम हाच राहतो, ॲट्रिब्यूटची, म्हणजे माणसाच्या नोंदीतल्या रकान्यांची, नावं तेवढी बदलतात. आणि नावं मी देवनागरीत लिहितोय, टाइप करताना अर्थातच रोमनमध्ये टाका.

आधी लॉगिन दाबल्यावर नक्की काय होतं ते डोक्यात बसवा, कारण पुढचा प्रत्येक एरर यातल्या कुठल्यातरी एका पायरीवरचाच असतो. पोर्टलकडे स्वतःचं एक सर्व्हिस अकाउंट असतं, त्याने ते एडीला आधी बाइंड करतं, म्हणजे मी अमुक, माझा पासवर्ड हा, मला आत घ्या. मग सर्च करतं, की लॉगिन करणाऱ्याने जे नाव टाकलंय त्या नावाचा माणूस कुठे आहे, आणि त्या माणसाचा पूर्ण पत्ता, ज्याला डीएन म्हणतात, तो मिळवतं. मग तिसरी पायरी, तो डीएन आणि त्या माणसाने टाकलेला पासवर्ड घेऊन परत एकदा बाइंड. हे तिसरं बाइंड पास झालं तरच लॉगिन. एडी पासवर्ड कोणालाच वाचायला देत नाही, त्यामुळे ऑथेंटिकेशन मेथड म्हणून लाईफरेत पासवर्ड कंपेअर असा जो पर्याय दिसतो तो एडीसाठी उपयोगाचा नाही, बाइंडच ठेवायचं.

सर्व्हिस अकाउंट मागताना डोमेन ॲडमिन मागू नका आणि कोणी देत असेल तरी घेऊ नका. साधा डोमेन यूजर पुरतो, एडीत साध्या यूजरला बहुतेक ॲट्रिब्यूट वाचता येतात आणि आपल्याला वाचण्यापलीकडे काही करायचं नाहीये. त्या अकाउंटचा पासवर्ड कधी बदलतो आणि कोण बदलतो हे मात्र आधीच विचारून ठेवा. तिकडे पासवर्ड बदलला आणि पोर्टलच्या दोन-तीन नोडवर (पोर्टल चालवणाऱ्या मशीनवर) जुनाच राहिला की ते सगळे नोड मिळून चुकीच्या पासवर्डने ठोठावत राहतात, अकाउंट लॉक होतं, आणि मग योग्य पासवर्ड टाकून पण काही चालत नाही आणि माणूस भलतीकडेच शोधत बसतो.

आता पोर्ट. एलडॅप म्हणजे डिरेक्टरीशी बोलायची भाषा; साधं एलडॅप ३८९ वर आणि एसएसएलवालं, म्हणजे एन्क्रिप्ट केलेलं, ६३६ वर. इथे मी हट्टी आहे आणि तुम्ही पण हट्ट धरा. ३८९ वर साधं बाइंड म्हणजे ऑफिसमधल्या प्रत्येक माणसाचा पासवर्ड नेटवर्कवरून उघडा जातो, आणि एडीचा पासवर्ड म्हणजे त्याचा मेल, त्याचा लॅपटॉप, व्हीपीएन, सगळ्याचीच किल्ली. लोक आपल्यावर विश्वास ठेवून पोर्टलच्या पानावर तो टाइप करतात. "आधी ३८९ वर चालू करू, सर्टिफिकेटचं नंतर बघू" असं म्हटलं की ते नंतर कधी येत नाही हे मी स्वतः पाहिलंय. मायक्रोसॉफ्टने पण २०२० पासून साइनिंग नसलेली बाइंड बंद करा म्हणून लावून धरलंय, आणि डोमेन कंट्रोलरच्या, म्हणजे एडी ज्यावर चालतं त्या सर्व्हरच्या, डिरेक्टरी सर्व्हिस लॉगमध्ये २८८७ नंबरचा इव्हेंट दिसत असेल तर समजा की कोणीतरी अजून तसंच उघडं बाइंड करतंय. ते आपलं पोर्टल नसावं.

तर पोर्टलच्या मशीनवरून ६३६ ला पोचता येतंय का ते आधी बघा, नेटवर्क टीम "ओपन केलंय" म्हणते ते बऱ्याचदा दुसऱ्याच सबनेटसाठी असतं. मग ओपनएसएसएलच्या एस-क्लायंट कमांडने जोडणी करून डोमेन कंट्रोलर कुठलं सर्टिफिकेट देतोय ते डोळ्याने वाचा. त्यात तीन गोष्टी बघायच्या: नाव कोणाचं, तारीख कधीपर्यंत, आणि सही कुठल्या सीएची, म्हणजे सर्टिफिकेट देणाऱ्याची. नाव यासाठी की जावा ८ च्या १८१ नंबरच्या अपडेटपासून एलडॅप-एसला होस्टचं नाव सर्टिफिकेटमधल्या नावाशी जुळलंच पाहिजे असं झालंय, तोपर्यंत आयपी टाकून पण चालून जायचं. त्यामुळे यूआरएलमध्ये आयपी टाकला, किंवा डीएनएसमध्ये कोणीतरी बनवून दिलेलं टोपणनाव टाकलं जे सर्टिफिकेटमध्ये नाही, तर जोडणी तुटणार. ती तपासणी बंद करायची एक जावा प्रॉपर्टी आहे आणि शोधलं तर पहिलं उत्तर तेच मिळतं, पण ते करू नका, नाव बरोबर टाका. सगळ्या डोमेन कंट्रोलरसाठी मिळून डोमेनचंच नाव वापरायचं असेल तर एडीच्या टीमला सांगा की कर्बरोस ऑथेंटिकेशन नावाच्या टेम्प्लेटवरून सर्टिफिकेट काढा, त्यात डोमेनचं नाव पण येतं, जुन्या डोमेन कंट्रोलर टेम्प्लेटमध्ये ते येत नाही.

सही कोणाची ते यासाठी बघायचं की जावाच्या ट्रस्टस्टोअरमध्ये, म्हणजे जावा ज्यांच्यावर विश्वास ठेवतं त्या सर्टिफिकेटच्या फाईलमध्ये, आपल्याला रूट सीएचं, म्हणजे सगळ्यात वरच्या सहीवाल्याचं, सर्टिफिकेट घालायचंय, डोमेन कंट्रोलरचं स्वतःचं नाही. कंट्रोलरचं घातलं तरी आज चालतं, म्हणून तर लोक तेच घालतात. पण ते साधारण वर्षाभराने आपोआप बदलतं आणि मग एका सकाळी कोणालाच लॉगिन होत नाही, आणि वर्षापूर्वी काय केलं होतं हे कोणाला आठवत नसतं. कीटूलने जावाच्या सीएसर्ट्स फाईलमध्ये रूट घालता येतं, तिचा मूळ पासवर्ड चेंज-इट हा असतो, पण त्यातही एक मेख आहे: जावा अपग्रेड केलं की ती फाईल नवी येते आणि आपण घातलेलं त्यात नसतं. त्यापेक्षा सीएसर्ट्सची एक कॉपी जावाच्या फोल्डरबाहेर ठेवा, तिच्यात आपलं रूट घाला, आणि टॉमकॅटच्या बिन फोल्डरमधल्या सेट-एन्व्ह फाईलमध्ये ट्रस्टस्टोअर म्हणून त्या कॉपीचा पत्ता द्या. कॉपी म्हणतोय ते मुद्दाम. कोरी फाईल बनवून फक्त आपलं रूट ठेवलं तर एडी चालेल पण पोर्टल बाहेरच्या ज्या ज्या एचटीटीपीएस सेवांशी बोलतं त्या सगळ्या बंद पडतील.

हे झालं की एलडॅपसर्च, म्हणजे डिरेक्टरीत शोधायची कमांड. उबंटूवर एलडॅप-यूटिल्स नावाचं पॅकेज, रेड हॅटवर ओपनएलडॅप-क्लायंट्स. सर्व्हिस अकाउंटने बाइंड करून एखाद्या ओळखीच्या माणसाला, सोपं म्हणजे स्वतःलाच, शोधा. हे चाललं म्हणजे नेटवर्क, अकाउंट आणि पासवर्ड हे तिन्ही ठीक आहेत हे सिद्ध झालं. सर्टिफिकेट मात्र नाही, कारण ही कमांड स्वतःची वेगळी फाईल बघते आणि जावा स्वतःची, त्यामुळे "कमांडने तर चालतंय" यावरून पोर्टलमधून पण चालेल असं धरू नका.

याच पायरीवर बेस डीएन, म्हणजे डिरेक्टरीत कुठून खाली शोधायचं तो पत्ता, पक्का करायचा. सगळ्यात जास्त लोक अडकतात ते इथे. एडीत यूजर्स नावाचा जो पहिल्यापासूनचा फोल्डर दिसतो तो ओयू (ऑर्गनायझेशनल युनिट) नाहीये, कंटेनर आहे, म्हणून त्याचा पत्ता सीएन=यूजर्स असा लिहायचा, ओयू=यूजर्स लिहिलं की ऑब्जेक्ट सापडत नाही म्हणून एरर. आणि तुमच्या ॲडमिनने स्वतः बनवलेले फोल्डर, पुणे ऑफिस, नाशिक प्लांट वगैरे, ते ओयू असतात. अंदाजाने टाइप करण्यापेक्षा स्वतःचं रेकॉर्ड एकदा शोधा आणि त्यातला डिस्टिंग्विश्ड-नेम उजवीकडून डावीकडे वाचत या, कुठून शोधायचं ते त्यातच दिसतं. नावात स्वल्पविराम असेल, आडनाव आधी आणि मग नाव अशी पद्धत काही ठिकाणी असते, तर डीएनमध्ये त्या स्वल्पविरामाच्या आधी बॅकस्लॅश लागतो. बेस एकदम डोमेनच्या मुळाशी ठेवला तर एडी रेफरल परत देतं, म्हणजे हे माझ्याकडे नाही तिकडे विचारा, आणि पोर्टल त्या दुसऱ्या पत्त्यांवर जाऊन अडकतं. शक्य असेल तर एक पायरी खालचा ओयू द्या. खरंच अनेक डोमेनमधून शोधायचं असेल तर ग्लोबल कॅटलॉगचं, म्हणजे सगळ्या डोमेनच्या एकत्र यादीचं, पोर्ट घ्या, एसएसएलसाठी ते ३२६९ आहे, फक्त तिथे प्रत्येक ॲट्रिब्यूट असतंच असं नाही हे लक्षात ठेवा.

सर्च करताना हजार लोकांवर येऊन सर्च थांबला तर घाबरू नका, एडी एका फेरीत डिफॉल्टने १००० च देतं, पुढचे हवे असतील तर पेजिंग मागावं लागतं. लाईफरे ते स्वतः मागतं, कमांडला आपण सांगावं लागतं.

आता फिल्टर, म्हणजे शोधायची अट. ऑथेंटिकेशन फिल्टर म्हणजे लॉगिनच्या वेळी एका माणसाला शोधायचा, आणि इम्पोर्ट फिल्टर म्हणजे पोर्टलमध्ये मुळात कोणाकोणाला आणायचं. लाईफरेत एडी निवडून डिफॉल्ट भरले की काहीतरी आपोआप येतं, ते तसंच ठेवू नका. लोक काय टाकून लॉगिन करणार हे आधी ठरवा. लाईफरे मुळात ईमेल मागतं, मग फिल्टरमध्ये मेल बरोबर @ईमेल_ॲड्रेस@ पाहिजे. विंडोजला टाकतात तेच नाव टाकायचं असेल तर जनरल ऑथेंटिकेशनमध्ये जाऊन स्क्रीन नेमवर बदला आणि फिल्टरमध्ये सॅम-अकाउंट-नेम बरोबर @स्क्रीन_नेम@ करा. दोन्ही जागा एकमेकींशी जुळल्या नाहीत तर टेस्टची सगळी बटणं हिरवी आणि लॉगिन मात्र कोणाचंच नाही, अशी अवस्था येते.

इम्पोर्ट फिल्टरमध्ये बंद केलेली अकाउंट वगळा. एडीत यूजर-अकाउंट-कंट्रोल नावाचा एक आकडा असतो, चालू साध्या अकाउंटचा ५१२ आणि बंद केलेल्याचा ५१४, म्हणजे २ चा बिट लागला की बंद. पण ५१४ शी बरोबरी लावून भागत नाही, कारण पासवर्ड कधीच एक्सपायर होऊ नये अशी खूण असेल तर त्यात ६५५३६ अजून मिळतात आणि आकडा वेगळाच होतो. म्हणून बिट तपासायचा नियम वापरायचा, त्याचा नंबर १.२.८४०.११३५५६.१.४.८०३, आणि २ चा बिट नसलेलेच घ्या असं नकारार्थी लिहायचं. आधी एलडॅपसर्चमध्ये हा फिल्टर चालवून माणसं मोजा, आणि तिथे तो सिंगल कोट्समध्ये टाका, उद्गारचिन्ह असल्यामुळे डबल कोट्समध्ये बॅश त्याचा भलताच अर्थ लावतं. आकडा एचआरच्या यादीच्या आसपास आला पाहिजे. तो खूप जास्त आला तर प्रिंटर, मीटिंग रूम आणि सर्व्हिस अकाउंट पण आत येतायत.

आता उघडा पोर्टल. कंट्रोल पॅनेल, इन्स्टन्स सेटिंग्ज, एलडॅप, तिथे सर्व्हर ॲड करा. यूआरएल, बेस डीएन, प्रिन्सिपल (म्हणजे सर्व्हिस अकाउंटचं नाव), पासवर्ड, फिल्टर, सगळं तुमच्याकडे आधीच चालवून बघितलेलं आहे, कॉपी करायचं फक्त. टेस्ट कनेक्शन दाबा. इथे जर फेल झालं आणि कमांडने चाललं होतं, तर आता संशय घ्यायला एकच जागा उरते, जावाचं ट्रस्टस्टोअर. पाच मिनिटांत सापडतं.

मॅपिंगमध्ये स्क्रीन नेमला सॅम-अकाउंट-नेम, ईमेलला मेल, नावाला गिव्हन-नेम, आडनावाला एसएन. टेस्ट यूजर्स दाबल्यावर जी यादी येते ती नीट वाचा, नुसती आली म्हणून पुढे जाऊ नका. आपल्याकडे इथे हमखास गडबड असते. एडीत नावं भरणाऱ्याने कुठे वडिलांचं नाव आणि आडनाव दोन्ही आडनावाच्या रकान्यात कोंबलेलं असतं, कुठे कॉन्ट्रॅक्टवरच्या लोकांचं आडनाव रिकामंच, कुठे प्लांटवरच्या माणसांना मेलच नाही. ईमेल किंवा आडनाव रिकामं असेल तर लाईफरे त्या माणसाला आणत नाही, लॉगमध्ये एक ओळ पडते आणि बस, बाकीचे येतात म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. आणि वगळले जातात ते नेमके हेच लोक, ज्यांच्यासाठी हेल्पडेस्कला फोन करणं पण सोपं नसतं. म्हणून गो-लाईव्हच्या आधी एडीत मेल किंवा एसएन नसलेल्यांची यादी काढून एचआरला द्या आणि ते भरून घ्या, पोर्टलमध्ये जुगाड करून खोटे ईमेल बनवू नका.

एक्सपोर्टची टिक लावू नका. ती लावली की पोर्टलमध्ये कोणी स्वतःची माहिती बदलली की ती एडीत लिहायला जाते, आणि आपलं अकाउंट तर वाचण्यापुरतंच आहे. इम्पोर्टची टिक पण लगेच गरजेची नसते, कारण माणूस पहिल्यांदा लॉगिन करतो तेव्हा त्याचं पोर्टलमधलं अकाउंट तसंही आपोआप तयार होतं. सगळे लोक आधीच सर्चमध्ये दिसायला हवे असतील, किंवा ग्रुपप्रमाणे परवानग्या आधी लावून ठेवायच्या असतील, तरच इम्पोर्ट चालू करा.

आता रिक्वायर्ड नावाची टिक. यावर मला जरा थांबून बोलायचंय.

ही टिक नसेल तर लाईफरे आधी एडीला विचारतं, एडी नाही म्हणालं तर स्वतःच्या डेटाबेसमधला पासवर्ड तपासतं. आणि पासवर्ड इम्पोर्ट चालू असेल, जो डिफॉल्टने असतो, तर माणूस एडीतून लॉगिन करतो तेव्हा त्याचा पासवर्ड पोर्टल आपल्याकडे पण हॅश करून, म्हणजे उलटा वाचता येणार नाही असा बदलून, ठेवतं. आता या दोन गोष्टी एकत्र करून बघा. मी एका ठिकाणी काम करत होतो तिथे एका सहकाऱ्याने नोकरी सोडली, शेवटच्या दिवशी संध्याकाळी एडीत त्याचं अकाउंट बंद झालं, मेल बंद, व्हीपीएन बंद, सगळं नियमाप्रमाणे. पुढच्या आठवड्यात त्याचाच मला फोन, की अरे माझी पे-स्लिप बघायला सहज पोर्टल उघडलं तर आत गेलो की मी. जुन्याच पासवर्डने. पोर्टल बाहेरून उघडत होतं, आणि एडीने नाही म्हटल्यावर ते स्वतःच्या डेटाबेसमधल्या पासवर्डवर त्याला आत घेत होतं. माणूस सरळ होता म्हणून त्याने सांगितलं. ते कॉन्फिगरेशन मीच केलं होतं, टेस्टिंगला सोपं जावं म्हणून रिक्वायर्ड काढून ठेवलं होतं आणि परत लावायचं राहून गेलं. त्या दिवसापासून गो-लाईव्हच्या माझ्या यादीत पहिली ओळ हीच आहे.

पण लावायची पण एक रीत आहे. टेस्ट चालू असताना टिक काढलेलीच ठेवा, नाहीतर फिल्टर चुकला की तुम्हीच बाहेर. मग एडीतल्या स्वतःच्या अकाउंटने लॉगिन करून बघा, त्या अकाउंटला पोर्टलमध्ये ॲडमिनिस्ट्रेटर रोल द्या, एका सहकाऱ्याला पण द्या. दुसऱ्या ब्राउझरमध्ये त्याच एडी अकाउंटने ॲडमिनची पानं उघडतायत का ते तपासा. त्यानंतर रिक्वायर्ड लावा, पहिला ब्राउझर तसाच उघडा ठेवून. आणि मग एक टेस्ट अकाउंट एडीत बंद करून घ्या आणि त्याने लॉगिन होत नाही हे स्वतः बघा. नुसता चुकीचा पासवर्ड टाकून बघणं पुरेसं नाही, आधी ज्याने एकदा लॉगिन केलंय असंच अकाउंट बंद करून बघायचं.

आणि तुमच्या टीमने पोर्टलशेजारी स्वतःचा काही लॉगिनचा कोड लिहिला असेल तर त्यात रिकामा पासवर्ड एडीपर्यंत जाऊच देऊ नका. एलडॅपच्या नियमातच असं आहे की नाव दिलं आणि पासवर्ड रिकामा ठेवला तर सर्व्हर त्याला अनोळखी पाहुणा समजून बाइंड यशस्वी म्हणून सांगू शकतो, आणि कोडला वाटतं पासवर्ड बरोबर आला.

ग्रुपचं थोडक्यात. ग्रुपचं नाव सीएन, माणसं मेंबर, यूजरच्या बाजूने मेंबर-ऑफ. डोमेन यूजर्स हा ग्रुप मेंबर-ऑफमध्ये दिसत नाही कारण तो प्रत्येकाचा प्रायमरी ग्रुप असतो, त्यामुळे त्यावर फिल्टर लावला की यादी रिकामी येते, पोर्टलसाठी वेगळा ग्रुप बनवून घ्या. ग्रुपच्या आत ग्रुप असेल तर साधा फिल्टर आत उतरत नाही, त्याला वर दिलेल्या नंबरचाच भाऊ, शेवटी १९४१ असलेला नियम लागतो, मोठ्या डिरेक्टरीत तो हळू चालतो.

आणि कोणी सांगितलं की मला लॉगिन होत नाही, तर अंदाज करण्याआधी लॉग उघडा. सर्व्हर ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये जाऊन एलडॅपच्या सिक्युरिटी पॅकेजची लॉग लेव्हल डीबगला न्या, माणसाला परत एकदा लॉगिन करायला सांगा. एडीकडून एरर ४९ येतो आणि त्याच ओळीत डेटा म्हणून एक छोटा कोड असतो, खरं उत्तर त्यात आहे. ५२ई म्हणजे पासवर्ड चुकीचा, ५२५ म्हणजे असा माणूसच नाही, ५३२ म्हणजे पासवर्डची मुदत संपली, ५३३ अकाउंट बंद, ७०१ अकाउंटची मुदत संपली, ७७५ लॉक झालंय. आणि ७७३, जो नव्या माणसाच्या बाबतीत जवळजवळ ठरलेला, म्हणजे पहिल्या लॉगिनला पासवर्ड बदला असं एडीत लावलेलं आहे आणि तो अजून बदललेला नाही. त्या बिचाऱ्याचा पासवर्ड बरोबरच असतो, तो दहा वेळा टाइप करून बघतो, आपण त्याला कॅप्स लॉक बघा म्हणतो. त्याने ऑफिसच्या एखाद्या विंडोज मशीनवर एकदा लॉगिन करून पासवर्ड बदलला की पोर्टल लगेच चालू होतं.

काम झाल्यावर लॉग लेव्हल परत खाली आणा. आणि रूट सर्टिफिकेटची शेवटची तारीख, सर्व्हिस अकाउंटचा पासवर्ड बदलायची तारीख, आणि ट्रस्टस्टोअरची कॉपी कुठल्या फोल्डरमध्ये आहे, या तीन ओळी टीमच्या विकीवर लिहा, स्वतःच्या वहीत नाही.